पाण्याच्या मागणीचा पॅटर्न: नेटवर्क मॉडेलमध्ये दिवसाचे चढउतार कसे बसवायचे

पाणीपुरवठ्याच्या जाळ्याचं पहिलं मॉडेल उभं करताना बहुतेकांचं सगळं लक्ष पाइपांकडे असतं. लांबी, व्यास, खडबडीतपणाचा गुणांक, नोडची (म्हणजे पाइप जुळतात किंवा पाणी घेतलं जातं त्या बिंदूची) उंची हे सगळं नीट भरलं जातं, प्रत्येक नोडला सरासरी वापरावरून एक मागणी दिली जाते आणि मॉडेल चालतं. दाबही ठीक दिसतात. पण त्या मॉडेलमधला दिवस सपाट असतो. पहाटे तीनला आणि सकाळी आठला लोक सारखंच पाणी वापरतात, असं ते धरून चालतं. टाकी कधी भरते, कधी उतरते, पंप किती वेळ चालवायचा, सकाळच्या गर्दीत उंचावरच्या घरांना दाब पुरतो का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी मागणी वेळेनुसार बदलावी लागते, आणि ते काम पॅटर्न करतो.

या लेखात मी ईपॅनेट हे सॉफ्टवेअर समोर ठेवलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते १९९३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, २००० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि २०२० मध्ये २.२. ते मोफत आहे, शिवाय त्याची पॅटर्नची पद्धत इतर अनेक सॉफ्टवेअरमध्येही जवळपास तशीच दिसते. त्यामुळे इथे समजलेलं दुसरीकडेही उपयोगी पडेल.

पायरी १: आकार आणि प्रमाण वेगळं ठेवा

पॅटर्न म्हणजे गुणकांची एक रांग. नोडला एक मूळ मागणी दिलेली असते. प्रत्येक कालखंडात ती त्या खंडाच्या गुणकाने गुणली जाते आणि येणारा आकडा ही त्या वेळची मागणी. मूळ मागणी ०.५ लिटर प्रति सेकंद आणि सकाळचा गुणक १.५ असेल, तर सकाळी त्या नोडमधून ०.७५ लिटर प्रति सेकंद पाणी जातं. गणित एवढंच आहे.

पण यात एक शिस्त आहे आणि ती पहिल्या दिवसापासून पाळायला हवी. मूळ मागणी सांगते की पाणी किती. पॅटर्न सांगतो की ते दिवसभरात कसं वाटलं गेलं. मूळ मागणी दिवसाच्या सरासरीची असेल, तर सगळ्या गुणकांची सरासरी बरोबर १ यायला हवी. सरासरी १.१ असेल तर मॉडेलमध्ये दहा टक्के जास्तीचं पाणी शिरलं, आणि नोडची यादी कितीही तपासली तरी ते सापडणार नाही, कारण तिथे सगळे आकडे बरोबरच असतात.

काही ठिकाणी मूळ मागणी म्हणून सर्वोच्च तासाचा आकडा भरलेला असतो. तेव्हा सर्वांत मोठा गुणक १ असतो आणि बाकीचे त्याहून कमी. तीही पद्धत चालते. फक्त दोन्हींची सरमिसळ होता कामा नये. जुनं मॉडेल हातात आलं, तर पॅटर्न उघडून आधी गुणकांची सरासरी काढा. दोनपैकी कोणती पद्धत वापरली आहे ते लगेच कळतं.

उन्हाळ्यातला जास्तीचा वापर किंवा वीस वर्षांनंतरची वाढलेली लोकसंख्या पॅटर्नमध्ये कोंबू नका. त्यासाठी हायड्रॉलिक पर्यायांमध्ये डिमांड मल्टिप्लायर नावाची एकच संख्या असते, ती सगळ्या नोडना एकदम लागू होते. वर्षातला सर्वाधिक वापराचा दिवस सरासरी दिवसाच्या १.३ पट असेल, तर १.३ तिथे लिहा. पॅटर्न तसाच राहू द्या.

पायरी २: गुणक मोजमापातून काढा

तयार पॅटर्न पुस्तकांत मिळतात आणि आकडे नसतील तेव्हा त्यांच्यावरच सुरुवात करावी लागते. पण तुमच्या भागाचे आठवडाभराचे जरी मीटरचे आकडे मिळत असतील, तरी ते उसन्या पॅटर्नपेक्षा कितीतरी चांगले.

भागात पाणी एकाच मीटरमधून येत असेल आणि आत टाकी नसेल, तर काम सोपं आहे. मीटरवरचा प्रवाह म्हणजेच त्या भागाची मागणी. टाकी असेल तर हिशेब करावा लागतो: आत आलेल्या पाण्यातून बाहेर गेलेलं पाणी वजा करा, टाकीतला साठा जितका वाढला असेल तोही वजा करा, आणि साठा घटला असेल तर तेवढा मिळवा. उरलं ते लोकांनी घेतलेलं आणि गळालेलं पाणी. नुसता पंपाचा प्रवाह घेऊन त्याला मागणी समजलात, तर तो पंपाचं वेळापत्रक दाखवेल. लोकांची सवय त्यात दिसणार नाही.

एक लहान उदाहरण घेऊ. सोयीसाठी दिवसाचे चार-चार तासांचे सहा भाग केले आहेत. मध्यरात्रीपासून धरलं तर एका भागाचा वापर अनुक्रमे ६०, २२०, २४०, १६०, २०० आणि ८० घनमीटर आहे. बेरीज ९६० घनमीटर, म्हणजे प्रत्येक खंडाची सरासरी १६०. प्रत्येक आकड्याला १६० ने भागलं की गुणक मिळतात: ०.३७५, १.३७५, १.५, १.०, १.२५, ०.५. बेरीज ६, खंड ६, म्हणून सरासरी १. हा ताळा जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खऱ्या कामात मात्र चार तासांचे खंड फार मोठे होतात. एका तासाचे चोवीस गुणक ही नेहमीची पद्धत आहे. याचं कारण दाबाच्या गणितात दडलेलं आहे. हेझन-विल्यम्सच्या सूत्रात घर्षणाने होणारी दाबाची घट प्रवाहाच्या १.८५२ व्या घातानुसार वाढते. प्रवाह दीडपट झाला तर घट सुमारे २.१ पट होते, आणि दुप्पट झाला तर सुमारे ३.६ पट. म्हणून सकाळचा एक टोकदार तास चार तासांच्या सरासरीत बुडवला, तर पाण्याची बेरीज बिनचूक राहते, पण त्या तासात पाइपांमध्ये जो दाब खर्च होतो तो मॉडेलमधून गायब होतो.

हाच धोका अनेक दिवसांची सरासरी घेताना असतो. कामाच्या दिवशी वापराचं शिखर सकाळी लवकर येतं आणि सुट्टीच्या दिवशी ते उशिरा सरकतं. दोन्हींची सरासरी काढली की दोन शिखरं एकमेकांत मिसळून एक बुटकं, पसरट शिखर उरतं. तसा दिवस प्रत्यक्षात कधीच उगवत नाही. माझ्या मते कामाच्या दिवसांचा आणि सुट्टीचा पॅटर्न वेगळा काढावा. सात दिवस लागोपाठ चालवायचे असतील, तर १६८ गुणकांचा एकच आठवड्याचा पॅटर्न करावा.

आणखी एक बारीक गोष्ट तपासा. लॉगरच्या, म्हणजे मीटरचे आकडे आपोआप टिपणाऱ्या यंत्राच्या, नोंदीत ८ वाजता लिहिलेला प्रवाह सात ते आठचा आहे की आठ ते नऊचा? पुष्कळ लॉगर संपलेल्या तासाची सरासरी त्या तासाच्या शेवटी लिहितात. ईपॅनेटमधला गुणक मात्र त्या क्षणापासून पुढच्या खंडाला लागू होतो. याकडे लक्ष दिलं नाही तर सगळा दिवस एका तासाने सरकतो, आणि मॉडेल मोजमापाशी का जुळत नाही हे शोधण्यात नाहक वेळ जातो. ऋतूनुसार घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांत लॉगर ते पाळतो की नाही, हेही पाहावं लागतं.

पायरी ३: गळती पॅटर्नमधून बाहेर काढा

नवख्या माणसाकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते या पायरीकडे, म्हणून इथे थोडं थांबू.

मीटरच्या आकड्यात वापर आणि गळती दोन्ही असतात. लोक सकाळी जास्त आणि रात्री कमी पाणी घेतात. फुटका सांधा असं काही करत नाही. तो दाबावर चालतो, आणि रात्री वापर कमी झाल्यामुळे दाब वाढतो, तेव्हा गळती उलट थोडी वाढतेच. मग लोकांचा पॅटर्न गळतीलाही लावला, तर मॉडेल म्हणतं की भोकातून सकाळी जास्त पाणी जातं आणि रात्री कमी. हे वस्तुस्थितीच्या बरोबर उलट आहे.

वरच्याच उदाहरणात गळती ताशी १० घनमीटर आहे असं समजा. रात्री साधारण दोन ते चारच्या दरम्यान वापर सर्वांत कमी असतो. त्या वेळच्या किमान प्रवाहातून रात्रीच्या खऱ्या वापराचा अंदाज वजा करून असा आकडा काढतात. चार तासांच्या खंडात ४० घनमीटर गळती झाली. ती वजा केली की खरा वापर उरतो तो २०, १८०, २००, १२०, १६० आणि ४०. बेरीज ७२०, सरासरी १२०. नवे गुणक: ०.१६७, १.५, १.६६७, १.०, १.३३३, ०.३३३.

सर्वांत मोठा गुणक १.५ वरून १.६७ वर गेला, आणि रात्रीचा निम्म्याहून खाली आला. म्हणजे लोकांच्या सवयी मिश्र पॅटर्नने दाखवल्या त्यापेक्षा बऱ्याच टोकदार आहेत. गळतीच्या सपाट पाण्याने तो टोकदारपणा झाकला होता. आज आहे त्याच अवस्थेचा अभ्यास करायचा असेल, तर मिश्र पॅटर्ननेही बेरीज जुळते. पण गळती दुरुस्त केल्यावर काय होईल किंवा रात्री दाब कमी केला तर किती पाणी वाचेल, हा प्रश्न विचारायचा असेल, तर दोन्ही वेगळं ठेवल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

गळती भरण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे नोडला मागणीचा दुसरा प्रकार जोडायचा आणि त्याला सतत १ असा स्थिर पॅटर्न द्यायचा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एमिटर, नोडवर ठेवलेलं जणू एक भोकच. त्यात प्रवाह हा एक गुणांक गुणिले दाबाचा घात असा निघतो. घातांक सुरुवातीला ०.५ असतो आणि बदलता येतो. मग गळती दाबाबरोबर आपोआप हलते.

पायरी ४: सॉफ्टवेअरमध्ये भरा

डेटा ब्राउझरमध्ये पॅटर्न्स निवडा, नवीन पॅटर्न जोडा, त्याला ओळखचिन्ह द्या आणि गुणक एकेक करून भरा. खाली आलेख दिसतो, त्यावर नजर टाका. चुकून ०.१२ ऐवजी १.२ पडला असेल तर तो तिथेच डोळ्यांत भरतो. नंतर नोडच्या गुणधर्मांत डिमांड पॅटर्नच्या रकान्यात तेच ओळखचिन्ह लिहा.

ओळखचिन्ह देताना मात्र सावध राहा. पर्यायांमध्ये डिफॉल्ट पॅटर्न नावाची नोंद असते आणि तिथे सुरुवातीला १ लिहिलेलं असतं. ज्या नोडचा पॅटर्नचा रकाना रिकामा आहे, त्याला हा पॅटर्न लागतो. त्या नावाचा पॅटर्नच नसेल तर मागणी स्थिर राहते. याचा अर्थ असा की शाळेसाठी केलेल्या पॅटर्नला तुम्ही सहज १ हे नाव दिलं, तर रिकाम्या रकान्याची सगळी घरं शाळेच्या वेळापत्रकावर चालू लागतात आणि सुट्टीनंतर पाणी वापरणं बंद करतात. चोवीस तास सारखं पाणी घेणाऱ्या कारखान्याचा रकाना रिकामा ठेवला, तर त्यालाही घरांचा पॅटर्न लागू शकतो. म्हणून अर्थपूर्ण नावं द्या, घर, शाळा, दवाखाना अशी. आणि फक्त एक गुणक, १, असलेला ‘स्थिर’ नावाचा पॅटर्न करून ठेवा. जिथे मागणी बदलत नाही तिथे तो स्पष्टपणे लिहा.

एका नोडवर घरं, दुकानं आणि एखादी शाळा असेल तर सगळ्यांचा मिळून एक पॅटर्न बनवण्याची गरज नाही. नोडच्या डिमांड कॅटेगरीज उघडल्या की प्रत्येक प्रकाराला स्वतःची मूळ मागणी आणि स्वतःचा पॅटर्न देता येतो. त्यांची बेरीज सॉफ्टवेअर करतं.

पॅटर्न फक्त मागणीला लागतात असं नाही. जलाशयाची पातळी, पंपाचा वेग, विजेचा दर आणि पाण्यात मिसळणाऱ्या पदार्थाचं प्रमाण हेही याच पद्धतीने बदलता येतं.

पायरी ५: वेळेचे पर्याय

पॅटर्न भरला, मॉडेल चालवलं आणि काहीच बदललं नाही, तर आधी एकूण कालावधी पाहा. नव्या फाइलमध्ये तो ० असतो. म्हणजे एकाच क्षणाचं गणित होतं, आणि त्याला पहिला गुणक लागतो. पहिला गुणक मध्यरात्रीचा असल्यामुळे मागणी अगदी कमी आणि दाब सगळीकडे उत्तम दिसतात. अशा निकालावर विसंबून पाइप निवडले, तर सकाळी आठला पाणी चढणार नाही. कालावधी निदान २४ तास करा. शक्य असेल तर ७२.

दुसरी नोंद पॅटर्नच्या कालखंडाची. ती सुरुवातीला एक तास असते आणि सगळ्या पॅटर्नना एकच लागू होते. एका पॅटर्नला १५ मिनिटं आणि दुसऱ्याला एक तास, असं करता येत नाही. गुणकांची संख्या मात्र वेगवेगळी चालते, कारण रांग संपली की पॅटर्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही सोय मोठी आहे आणि फसवीही. चोवीस गुणक तसेच ठेवून कालखंड १५ मिनिटांवर आणला, तर दिवस सहा तासांत संपतो आणि चोवीस तासांत सकाळ चारदा येते. एक गुणक भरायचा राहून तेवीसच झाले, तर पहिला दिवस जवळजवळ बरोबर दिसतो आणि त्यापुढे शिखर रोज एक तास अलीकडे सरकत जातं. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर कोणतीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं.

तिसरी जोडी म्हणजे पॅटर्न सुरू होण्याची वेळ आणि घड्याळाची सुरुवातीची वेळ. घड्याळाची वेळ सकाळी सहा केली, तर निकालांवर सहा वाजल्याचं दिसतं आणि घड्याळावर चालणारे नियम त्याप्रमाणे वागतात, पण पॅटर्न मात्र पहिल्या गुणकापासूनच सुरू होतो. मग सकाळी सहाला मध्यरात्रीची मागणी लागते. सिम्युलेशन सहाला सुरू करायचं असेल, तर पॅटर्नची सुरुवातही ६ तासांवर न्यायला हवी.

हायड्रॉलिक कालखंड, म्हणजे दाब आणि प्रवाहाचं गणित किती वेळाने करायचं ते, पॅटर्नच्या कालखंडापेक्षा मोठा ठेवला, तर ईपॅनेट तो स्वतःच कमी करतं. टाकी भरली, रिकामी झाली किंवा एखादा नियम लागू झाला, तर मध्येच एक जादा गणितही होतं. पण मागणीची रेषा पायऱ्यांचीच राहते. एका खंडात ती सपाट असते आणि पुढच्या खंडाच्या सुरुवातीला एकदम उडी मारते.

पायरी ६: टाकी काय म्हणते ते पाहा

पॅटर्न बरोबर बसला की नाही हे टाकीच्या पातळीवरून सगळ्यांत स्वच्छ कळतं. आपलं पहिलं उदाहरण परत घेऊ. पंप दिवसभर ताशी ४० घनमीटर, म्हणजे खंडाला १६०, देतो आहे. पहिल्या खंडात वापर ६०, म्हणून साठा १०० ने वाढतो. दुसऱ्यात ६० ने घटून +४० वर येतो, तिसऱ्यात ८० ने घटून −४०, चौथ्यात तसाच, पाचव्यात −८०, आणि शेवटच्या खंडात ८० ची भर पडून परत शून्य. सर्वांत वरची आणि खालची पातळी यांच्यातलं अंतर १८० घनमीटर. चढउतार सांभाळायला टाकीत निदान एवढी जागा लागते. आणीबाणीचा आणि आग विझवण्याचा साठा त्याहून वेगळा. सपाट मागणीच्या मॉडेलमध्ये हीच टाकी दिवसभर जागची हलली नसती.

दिवसाच्या शेवटी साठा सुरुवातीच्या पातळीवर परत आला याकडे लक्ष द्या. मॉडेलमध्ये तो रोज थोडा थोडा खाली जात असेल, तर पंप कमी पडतो आहे किंवा गुणकांची सरासरी १ पेक्षा जास्त आहे. सुरुवातीची पातळी आपण अंदाजाने दिलेली असते, म्हणून तीन दिवस चालवून शेवटच्या दिवसाचे निकाल वापरणं चांगलं. सिस्टिम फ्लोचा आलेखही काढा. त्यात एकूण उत्पादन आणि एकूण वापर वेळेनुसार शेजारी शेजारी दिसतात, आणि वापराची रेषा तुमच्या मीटरच्या रेषेवर ठेवून पाहता येते.

पायरी ७: पॅटर्न कुठे पुरत नाही

मोठ्या भागाचा पॅटर्न चार-पाच घरांच्या शेवटच्या फांदीला लावला, तर तिथलं शिखर कमी दिसतं. हजारो घरांत सगळे नळ एकाच मिनिटाला उघडत नाहीत, म्हणून एकत्रित वापर गुळगुळीत होतो. पाच घरांत तसं होत नाही. घरं जितकी कमी, तितकं शिखर सरासरीच्या मानाने उंच. टोकाच्या बारीक पाइपांचा व्यास किंवा त्यांतलं पाण्याचं वय (पाणी जाळ्यात किती वेळ राहिलं ते) तपासायचं असेल, तर हे लक्षात ठेवूनच निकाल वाचावेत.

त्याहून मोठी अडचण येते ती ठरावीक वेळीच पाणी सोडलं जातं अशा जाळ्यात. दिवसाचं सगळं पाणी दोन तासांत समान घेतलं जात असेल, तर त्या दोन तासांचा गुणक १२ आणि बाकी बावीस तासांचा ०. सरासरी १ येते, गणित जुळतं. पण हा आकार लोकांच्या वापराचा नाही. पाणी आल्यावर प्रत्येक जण आपली टाकी भरून घेतो, आणि ती किती वेगाने भरेल हे त्याच्या नळाशी असलेला दाब ठरवतो. नेहमीच्या पद्धतीत मॉडेल दिलेली मागणी काहीही करून पुरवतंच, त्यासाठी दाब शून्याखाली गेला तरी. ऋण दाब दिसले की निकाल अमान्य समजा.

आवृत्ती २.२ मध्ये दाबावर अवलंबून मागणी काढण्याची सोय आली. किमान दाब आणि पुरेसा दाब सांगितला की त्यांच्या दरम्यान मागणीचा काही भागच पुरवला जातो. हे वास्तवाच्या बरंच जवळ आहे, पण एका तासात न मिळालेलं पाणी ते पुढच्या तासात मागत नाही. खरा माणूस मागतो. म्हणून अशा जाळ्यात नोडला मागणी आणि पॅटर्न देण्याऐवजी, त्या नोडवरच्या सगळ्या घरगुती टाक्यांच्या आकारमानाइतकी एक टाकी छोट्या पाइपने जोडावी आणि दिवसाच्या वापराचा पॅटर्न त्या टाकीच्या पलीकडच्या नोडवर लावावा. टाकी दाबाप्रमाणे भरत राहते, लोक आपल्या सवयीप्रमाणे तिच्यातून पाणी घेतात, आणि कोणाची टाकी पाणी बंद व्हायच्या आधी भरलीच नाही, हे पातळीच्या आलेखात थेट वाचता येतं.